जगदेवीची किळस

जगदेवीला घाणीची किळस कधी आलीच नाही. निर्णा गावात अंबाजी धनगराच्या घरी ती जन्मली तेव्हा दारात साठ-सत्तर मेंढरं होती. पावसाळ्यात त्यांच्या खुरात किडे पडायचे. थोरले भाऊ नाकाला टावेल लावून लांब उभे राहायचे आणि ही सात-आठ वर्षांची पोर मेंढराचा पाय मांडीवर घेऊन बाभळीच्या काट्यानं एकेक किडा वेचून काढायची. जखमेवर तंबाखूचं पाणी ओतायची, हात परकराला पुसायची आणि भाकरी खायला बसायची. आई ओरडायची, "हात तरी धू गं, घाणेरडे!"

"मेंढराचेच किडे हायत की अव्वा. मानसाचे थोडेच हायत?"

पोरीचं बोलणं म्हणून आई हसून सोडून द्यायची. त्या बोलण्यात पुढं एवढं खरं निघेल असं कुणाला वाटलं होतं?

चिटगुप्प्याच्या बाजूला एका गावात तिला दिली. नवरा योगीराज. लग्नात तो लॉरीवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, मग कुणाकुणाच्या हातापाया पडून स्वतःची लॉरी घेतली. लॉरी आली तसा त्याचा भांगही बदलला आणि बायकोचा वासही त्याला यायला लागला. "तुझ्या अंगाला मेंढराचा वास येतोय," म्हणायचा आणि अंगणात बाज टाकून झोपायचा. जगदेवीनं मनाला लावून घेतलं नाही. मेंढरात वाढलेल्या बाईला मेंढराचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?

भाग्यलक्ष्मी झाली आणि त्याच साली सासूला लकवा मारला. तीन वर्षं. तीन वर्षं जगदेवीनं म्हातारीचं हगणंमुतणं काढलं, कूस बदलली, पाठीला पडलेल्या जखमा कडुलिंबाच्या पाण्यानं धुतल्या. एका मांडीवर लेक आणि दुसऱ्या मांडीवर सासूचं डोकं, असे दिवस काढले. योगीराज दारातूनच विचारायचा, "हाय का?" म्हणजे जिवंत आहे का. जगदेवी म्हणायची, "हाय." मग तो जायचा.

म्हातारी गेली. तेराव्याचं जेवण झालं, मांडव निघाला आणि महिना उलटायच्या आत योगीराजानं सांगून टाकलं, की कमठाण्याची एक बाई मला करायची आहे, तू तुझ्या बापाच्या घरी जा. म्हणजे तीन वर्षं थांबला होता तो कशासाठी? आईचं गू काढायला कुणीतरी लागत होतं म्हणून. जगदेवीला हे तेव्हा कळलंच नाही. ती रडली, पाया पडली, माझं काय चुकलं म्हणून विचारत राहिली. खरं कळलं ते फार पुढं, कोर्टाच्या बाकावर बसल्या-बसल्या, आणि तेव्हा तिला तिथंच उलटी होईल असं वाटलं.

पंच बसले निर्ण्यात, मल्लण्णाच्या देवळाम्होरं. अंबाजीनं घरातली घोंगडी आणून अंथरली. ही घोंगडी काही साधी नव्हती. अंबाजीच्या बापानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली, काळीभोर, काठाला पांढरी रेघ. आसपासच्या चार गावांतले धनगरांचे तंटे तिच्यावर मिटले होते. तिच्यावर पाय ठेवायचा तर पायताण काढायचं, भंडारा कपाळाला लावायचा आणि खोटं बोलायचं नाही. बोललं तर घोंगडी बाटते. बाटली की ती घरात घ्यायची नाही, असं अंबाजीच्या बापानं सांगून ठेवलेलं. आणि आजवर ती बाटली नव्हती, हीच अंबाजीची सगळी इस्टेट. मेंढरं विकली, दुसऱ्याच्या तुरीत रोजानं राबायची पाळी आली, तरी घोंगडी त्यानं डांबराच्या गोळ्या घालून पेटीत जपली होती.

पंचांत भीमण्णा वडीलधारा. त्यानं विचारलं, "योगीराजा, बाई नको म्हनायलास ते समजलं. आता लेकराचं बोल."

"पोरगी त्यांची त्यांनी ठेवावी. मला नको."

"नीट बोल. घोंगडीवर बसलायस."

"भंडारा उचलून सांगायलोय भीमण्णा. पोरीवर माझा हक्क न्हाई. मी तिला कव्हाच मागनार न्हाई." आणि मग हसला. "पोरगा असता तर इचार केलो असतो."

पंचांतले दोघे-तिघेही हसले. भीमण्णानं कडब्याची काडी उचलली, मधोमध मोडली, एक तुकडा इकडं टाकला, एक तिकडं. संपलं लग्न.

भीमण्णाचा पुतण्या तिथं उभा होता, हुमनाबादला शिकलेला. तो हळूच म्हणाला, "काका, हे सगळं बाँड पेपरवर लिहून घ्या. पुढं कामाला येतंय."

अंबाजीचे डोळे लाल झाले. "घोंगडीवर बसून कागद मागायचा? म्हंजे घोंगडीला खोटी म्हनायची? माझ्या बापाला खोटा म्हनायचा? उठ तू इथून."

पुतण्या उठला. कागद झाला नाही.

*

पुढं जगदेवी हुमनाबादला आली. हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर ज्वारीच्या भाकरी थापायचं काम मिळालं. दिवसाला दोनशे-दोनशे भाकरी. ढाब्याच्या मागं पत्र्याची खोली, आणि भाग्या जवळच्याच कन्नड शाळेत. जगदेवी स्वतः मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कन्नड तोंडानं फाडफाड बोलायची, पण कन्नड अक्षर तिला एक कळत नव्हतं. लेक वही उघडून "अव्वा, ही ळ बग," म्हणायची आणि ही पीठाच्या हातानं वहीला न शिवता लांबूनच बघायची. उष्ट्या ताटांत बोटं घालायला, नाली तुंबली तर हात घालून उपसायला तिला कधी काही वाटलं नाही. ढाब्यावरचे नोकर तिला म्हणायचे, "अक्का, तुमी मानूस न्हाई, जेसीबी हाव."

चार वर्षं तिनं योगीराजाचं नाव काढलं नाही. पोटगी मागावी असं कुणी सुचवलं तर म्हणायची, "थुंकलेलं कोन चाटायलंय?"

मग एका दुपारी त्याचीच लॉरी ढाब्यावर थांबली. जगदेवी आत चुलीपाशी होती, तिनं त्याला जाळीतून ओळखलं आणि पाठ फिरवली. भाग्या बाहेरच्या बाजेवर बसून गणितं करत होती. योगीराज शेजारच्या बाजेवर बसला, जेवला आणि मग पोरीकडं बघून चुटकी वाजवली.

"ए पोरी, पानी आन गं. थंड आन."

भाग्यानं वही ठेवली, पाणी आणून दिलं. तो गटागटा प्यायला, ग्लास तिच्या हातात दिला, मिशी पुसली आणि निघून गेला.

पोटच्या लेकीला ओळखलं नाही त्यानं. चेहरा तर हुबेहूब त्याचाच, तसंच रुंद कपाळ, तशाच जाड भुवया. आरशात रोज बघतो ते तोंड समोर उभं राहून पाणी देत होतं आणि ह्याला ढाब्यावरची पोरगी दिसली.

भाग्या आत येऊन म्हणाली, "अव्वा, त्या लॉरीवाल्यानं सगळी भाकर खाल्ली. करपलेली बी."

जगदेवीच्या हातातली भाकरी तव्यावर करपत होती. दुसऱ्याच दिवशी ती जिल्ह्याच्या कोर्टात गेली.

*

कोर्टानं तिला फुकटात वकील दिला, महेशकुमार नावाचा तरुण माणूस. घरात कन्नड, बाजारात मराठी, दोन्ही सारखंच बोलायचा. त्यानं पोरीच्या नावानं पोटगीचा अर्ज केला आणि सहा-सात महिन्यांत कोर्टानं हुकूम केला, की निकाल लागेपर्यंत बापानं पोरीच्या शाळेला आणि पोटाला दरमहा द्यावं. रक्कम अशी मोठी नव्हती. योगीराजाची लॉरी दोनदा डिझेल प्यायली असती तेवढीच. पण त्याच्या जिवाला लागलं. पुढच्याच महिन्यात जगदेवीला नोटीस आली: योगीराजाला पोरगी पाहिजे.

"कामून?" जगदेवीनं विचारलं. "आता कुठून माया आली?"

महेशकुमारनं चष्मा काढून डोळे चोळले. "माया कशाची अक्का. पोरगी त्याच्याकडं गेली की पोटगी आपोआप थांबतीय."

मग त्यानं योगीराजाचं कन्नड प्रतिज्ञापत्र मराठीतून वाचून दाखवलं. मी गरीब कूली आहे, असं त्यात होतं. लॉरी माझी नव्हे, भावाची आहे. लेकीसाठी माझा जीव तीळ-तीळ तुटतो. आणि पोरीची आई हमरस्त्यावरच्या ढाब्यावर लॉरीवाल्यांच्या संगतीत राहते, तेव्हा मुलीच्या चारित्र्याची मला रात्रंदिवस चिंता आहे.

जगदेवी ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या लॉरीवाल्यांत ह्यो बी एक हाय की. हे लिहिलंय का त्यात?"

"न्हाई."

"मग निम्मंच लिहिलंय."

पण अंबाजी निर्धास्त होता. तारखेच्या दिवशी तो निर्ण्याहून हुमनाबादला यायचा आणि मग तिघं मिळून सरकारी बसनं जायचे. बायकांना बस फुकट, म्हणून जगदेवीनं आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट, पोरगीही फुकट, म्हाताऱ्यालाच तेवढे पैसे. "मलाच कामून रं?" तो दर वेळी कंडक्टरशी भांडायचा. "पुढच्या जल्माला बाई व्हा काका," कंडक्टर म्हणायचा आणि बस हसायची. जगदेवी हसायची नाही. बाई होण्यात काय असतं ते त्या दोघांना काय ठाऊक!

"तू भिऊ नको," अंबाजी लेकीला सांगायचा. "घोंगडीवर बोललाय त्यो. पाच पंचांसमोर. कव्हाच मागनार न्हाई म्हनलाय. भीमण्णा येऊन सांगंल, झालं."

कोर्टानं खटला चालू असेपर्यंत बापाला महिन्यातून एकदा भेटीची मुभा दिली होती. कोर्टातच त्यासाठी एक खोली होती, भिंतीवर मोर आणि ससे काढलेली. पहिल्या भेटीला योगीराज आला. पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यानं गुलाबी टेडी काढला. पारदर्शक कव्हरातला, कानाला किमतीची चिठ्ठी लोंबणारा. भाग्याच्या मांडीवर ठेवला. पोरीचे डोळे चमकले. जगदेवीनं दारातून ते बघितलं आणि क्षणभर तिला वाटलं, असंल बाई, रक्त हाय शेवटी.

"इकडं बग. हास," योगीराज म्हणाला. मोबाइल काढला. स्वतः पोरीच्या खांद्यावर हात टाकला आणि आपल्यासोबत आलेल्या माणसाकडून चार फोटो काढून घेतले. फोटो बघितले, एक पसंत पडला. मग पोरीच्या मांडीवरचा टेडी उचलला, पिशवीत घातला, पिशवीचं तोंड नीट दुमडलं.

"हे..." भाग्या म्हणाली.

"पुढच्या खेपेला," तो म्हणाला आणि निघून गेला. दोन तासांची भेट. दहा मिनिटं झाली नव्हती.

दुसऱ्या महिन्याला तोच टेडी, तेच कव्हर, कानाला तीच चिठ्ठी. फोटो. पिशवी. तिसऱ्या महिन्याला भाग्यानं टेडीला हातच लावला नाही. तो मांडीवर ठेवला तसा ठेवू दिला आणि नजर भिंतीवरच्या सशाकडं. तिला आता कळलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळायला लागतं आणि किती लवकर, हे जगदेवी दारातून बघत होती. तिनं मेंढराच्या खुरातून काढले होते ते किडे स्वच्छ होते. निदान भूक लागली म्हणून खात होते ते.

*

एका तारखेला ती व्हरांड्यात बसली होती तर नळापाशी एक बाई ओकायला लागली. सहा-सात महिन्यांची पोटुशी, भिंतीला टेकून ओकत होती आणि माणसं पाय उचलून-उचलून बाजूनं जात होती. जगदेवी उठली, तिचं कपाळ धरलं, पाठ चोळली, ओंजळीनं पाणी दिलं. बाईनं मान वर केली आणि दोघींनी एकमेकींना ओळखलं, आधीच्या तारखांना लांबून बघितलं होतं. कमठाण्याची सुधारानी. योगीराजाची दुसरी.

"अक्का, तुमी... तुमी कामून हात लावायलाव?"

"गप. आधी चूळ भर."

जगदेवीनं खालची घाण पाण्यानं लोटून दिली. सुधारानी पायरीवर बसली आणि रडायला लागली. रडता-रडता बोलत गेली. विचारलं नव्हतं तेही.

"ते म्हनत्यात, लेकरू झाल्यावर तुला एकटीला जमनार न्हाई. पोरगी आली की लेकरू सांभाळायला घरचंच मानूस होतंय. नोकर ठेवायचं काम न्हाई."

"आन तिची शाळा?"

"पोरीला कशाला लागतीय शाळा, म्हनत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन ते टेडी... ते माझ्या भावाच्या दुकानातलं हाय अक्का. कव्हर फाडू नका, म्हनून दर बारी सांगून देतोय त्यो. मला लाज वाटतीय."

"तुला वाटतीय, हेच लई झालं," जगदेवी म्हणाली.

मग ती नळापाशी गेली आणि हात धुतले. एकदा, दोनदा, कोपरापर्यंत. महेशकुमार फायली घेऊन येत होता, म्हणाला, "काय झालं अक्का? त्या बाईनं ओकलं ते लागलं का?"

"त्याचं काय न्हाई ओ. ते धुतल्यावर जातंय."

*

कोर्टानं प्रकरण एकदा मध्यस्थीला पाठवलं. एका खोलीत दोन्ही बाजूंनी बसायचं, एक शहाणी बाई मध्ये बसते आणि समेट होतो का बघते. अंबाजीनं त्या दिवसासाठी दोन कामं केली होती. पहिलं, भीमण्णाकडं गेला होता.

"लई दिस झाले अंबाजी," भीमण्णा म्हणाला होता. "आता वय झालं. कोन काय बोललं ते ध्यानात न्हाई माझ्या."

"काडी तू मोडलास की रं, भीमण्णा!"

"मोडली आसंल. काड्या काय, रोजच मोडत्यात."

भीमण्णाचा जावई योगीराजाच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. त्याच लॉरीवर, जी योगीराजाची नव्हती. बाकीचे चार पंच अंबाजीला बघून गल्लीच बदलायला लागले. एकजण तर परसाकडला जायचं निमित्त करून असा गेला, की दुपारपर्यंत आलाच नाही.

दुसरं काम म्हणजे अंबाजीनं पेटीतून घोंगडी काढून बरोबर घेतली होती. मध्यस्थीच्या खोलीत शिरल्या-शिरल्या त्यानं ती टेबलाम्होरं फरशीवर अंथरली. खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली.

"काका, हे काय?" मध्यस्थबाईंनी विचारलं.

"म्याडम, तुमचं कागुद तुमी बगा. मला एवढंच करू द्या. ह्याला म्हनावं ह्याच्यावर बस आन सांग, पोरगी मागनार न्हाई म्हनलास का न्हाई. एवढंच इचारा. ह्याच्यावर त्याला खोटं बोलताच येनार न्हाई."

बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांना म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघवलं नसावं. "ह्याला पुरावा म्हनता येणार न्हाई काका," त्या म्हणाल्या, "पन त्यांची तयारी असंल तर माझी हरकत न्हाई."

सगळ्यांनी योगीराजाकडं बघितलं. जगदेवीनंही. ती सांगते, त्या वेळी तिच्या मनात एकच होतं: हा माणूस नको म्हणंल. बाहेर जाईल. कारण सांगंल, भांडंल, काहीही करंल, पण बसणार न्हाई. तेवढं तरी असंल त्याच्यात.

योगीराज उठला. बूट न काढता घोंगडीवर गेला. पावसाचे दिवस, बुटाला चिखल. मधोमध मांडी घालून बसला, अंबाजीच्या हातातली पुडी घेतली, कपाळाला भंडारा लावला.

"बूट..." अंबाजीच्या तोंडून एवढंच निघालं.

"कोर्ट हाय मामा हे. इथं कोन बूट काढतंय?" मग मध्यस्थबाईंकडं वळून गोड आवाजात म्हणाला, "म्याडम, देवाची आन घेऊन सांगतो. पोरगी नको असं मी जल्मात कव्हा बोललो न्हाई. कोनता बाप बोलंल?"

अंबाजी खुर्चीत बसून होता, तोंड उघडं. थोड्या वेळानं उठला आणि बाहेर गेला. घोंगडी उचलली नाही. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मध्यस्थीचं काय झालं ते सांगायची गरज नाही. झाली नाही.

जगदेवीनं घोंगडी गुंडाळली आणि काखेत मारली. बसमध्ये अंबाजी पुढं ड्रायव्हरपाशी जाऊन बसला. हुमनाबादला उतरल्यावर एवढंच म्हणाला, "निर्ण्याला आनू नको ती. बाटली."

त्या दिवशी त्यानं कंडक्टरशी तिकिटावरून भांडणही केलं नव्हतं.

*

आता सगळं राहिलं जज्जबाईंवर. पोरगी आईकडं राहणार का बापाकडं जाऊन दुसऱ्याचं लेकरू झुलवणार, एवढीच गोष्ट आणि तिच्या बाजूनं बोलायला जगात कुणी उभं नाही. योगीराजाच्या वकिलानं तीन महिन्यांचे तीन फोटो मोठे करून दाखल केले होते. बघा, बापाचं प्रेम.

जज्जबाईंनी भाग्याला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. जगदेवी बाहेर बाकावर. दार बंद. पंचवीस मिनिटं. तिनं बाकाच्या पत्र्यावरचा गंज नखानं खरवडून खाली छोटा ढीग केला. पोरगी बाहेर आली ती तोंडात गोळी चघळत.

"काय इचारल्या गं?"

"शाळेचं. तुझं. टेडीचं."

"टेडीचं काय सांगितलीस?"

"जे हाय ते."

महिन्यानं निकाल आला. कन्नडमध्ये, बावीस पानं. महेशकुमारनं कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून त्यातलं एक पान मराठीत वाचून दाखवलं. अंबाजीही होता. बाईंनी पोरीला विचारलं होतं, पप्पा भेटायला येताना काय आणतात? टेडी. मग तो तुझ्या घरी आहे का? नाही. कुठं आहे? पिशवीत. पोरीनं पुढं समजावून सांगितलं होतं, शाळेत एखाद्याला नवीन खेळ शिकवावा तसं: टेडी फोटो काढेपर्यंतच धरायचा असतो. ओढायचा नसतो. कव्हर फाटलं तर दुकानवाले परत घेत नाहीत.

बाईंनी मग ते तिन्ही फोटो एका ओळीत लावून बघितले. तोच टेडी, तेच कव्हर, तीच चिठ्ठी. आणि लिहिलं, की ज्याला लेकराच्या हातात एक खेळणं राहू द्यायचं नाही, त्याच्या हातात लेकरू देता येत नाही. मुलगी आईकडं राहील. पोटगी चालू राहील. बापाला महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी कोर्टाच्या खोलीत भेटता येईल आणि आईनं त्यासाठी मुलीला न चुकता आणावं.

जगदेवीनं पदर तोंडाला लावला. महेशकुमारनं तिघांसाठी चहा सांगितला. अंबाजीनं कप हातात धरला, प्यायला नाही.

"म्हंजे पोरीचं बोलनं कागदावर घेतल्या," तो म्हणाला. "त्या दिशी मी बी कागद करू दिलो असतो तर..."

चहावर साय आली.

घोंगडी ढाब्याच्या मागं पडून होती. जगदेवीनं ती बोअरच्या पाण्यानं धुतली, रिठ्यानं घासली, तीन उन्हं दिली. बुटाचा चिखल कुठल्या कुठं गेला. डाग नाही, वास नाही. चुलीपाशी अंथरली आणि भाकरी थापायला तिच्यावर बसली. चार भाकरी झाल्या. पाचवीला उठली. बसवेना. मेंढराची जखम धुतलेली बाई, सासूचं गू काढलेली बाई, आणि धुतलेल्या घोंगडीवर बसवेना. अंगावर काहीतरी चढतंय असं वाटायला लागलं. ढाब्यामागं कुत्री व्यायली होती, पाच पिल्लं. जगदेवीनं घोंगडी नेऊन तिच्या पिल्लांखाली घातली. कुत्रीनं हुंगली, दोनदा गिरकी घेतली आणि आडवी झाली. तिला काही वाटलं नाही.

*

शनिवार सुरू झाले. पहिल्या शनिवारी जगदेवी लेकीला घेऊन गेली, अकरा ते एक बसली, वहीत सही केली. योगीराज आला नाही. तिसऱ्या शनिवारी नाही. पुढच्या महिन्यात नाही. ढाब्यावरचा खाडा पडायचा, पण गेलं नाही तर आईच भेटू देत नाही म्हणून हाच ओरडणार. भाग्या दप्तर घेऊन यायची आणि सशाच्या भिंतीखाली गृहपाठ करायची. खोलीवरची बाई म्हणायची, "तुमची पोरगी शानी हाय. बाकीची लई रडत्यात."

चौथ्या महिन्यात तो आला. महेशकुमारनं आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, "अक्का, तो कलबुर्गीला वरच्या कोर्टात अपील करायलाय." म्हणजे जगदेवीला तो आत येण्याआधीच कळलं, कशाला येतोय ते. पांढरा शर्ट. कपाळाला भंडारा. सोबत फोटो काढायला तोच माणूस. हातात पिशवी, पण या वेळी पिशवीतून बाहुली निघाली. कव्हर नाही, चिठ्ठी नाही. वकिलानं शिकवलं असणार.

"ह्या बारी बाहुली आनलोय तुला," योगीराज म्हणाला. आवाजात केवढं तूप!

भाग्यानं पेन्सिल वहीत घातली, वही मिटली. बाहुली घेतली, उलटसुलट करून बघितली.

"ही नवीन हाय," ती म्हणाली.

मग तिनं बाहुली मांडीवर सरळ बसवली, केस मागं केले, खांदा बापाच्या हातासाठी थोडा पुढं केला आणि हसली. बरोबर तसंच, जसं पहिल्या फोटोत होतं. जगदेवी दारात उभी होती. तिला लेकीचं ते हसू बघवलं नाही आणि बाजूलाही बघता आलं नाही.

"पप्पा, लवकर काढा," भाग्या हसू न मोडता म्हणाली. "आमची बस एकला हाय."

चार फोटो झाले. योगीराज मोबाइलमध्ये बघत राहिला. भाग्यानं बाहुली उचलली, त्याच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड नीट दुमडलं आणि त्याच्या पायापाशी ठेवली. दप्तर खांद्याला लावून दाराशी आली.

"न्हाई गं, ही तुलाच हाय," तो मागून म्हणाला. "ठेव की."

"नको."

जगदेवीनं वहीत सही केली. बाहेर आल्यावर नळापाशी थांबली, पोरीचे हात धरले आणि धुतले. कोपरापर्यंत.

"अव्वा, हात स्वच्छ हायत माझे," भाग्या म्हणाली.

"व्हय माय," जगदेवी म्हणाली आणि परत पाणी घेतलं.